इटलीच्या टाचेकडची सहल कशी आखावी

मराठवाड्यातून इटलीला जाणारी बहुतेक मंडळी रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस पाहून परततात. समुद्र आणि जुनी गावे या दोन्हींची ओढ असेल, तर मात्र बुटाच्या आकाराच्या त्या देशाच्या टाचेकडे, म्हणजे पूल्या प्रांतात आणि त्याला लागून असलेल्या मातेरा शहरात, आठ-नऊ दिवस घालवावेत, असे माझे मत आहे. नेपल्सजवळचा अमाल्फीचा किनारा सुंदर आहे यात वाद नाही. पण तिथला खर्च, पायऱ्या आणि अरुंद रस्त्यांवरची गर्दी पाहता वडीलधाऱ्यांना सोबत नेणाऱ्यांनी तो पुढच्या खेपेसाठी ठेवावा.

जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर हा काळ उत्तम. ऑगस्ट टाळावा, कारण 15 ऑगस्टला तिथेही मोठी सुट्टी असते आणि त्या सुमारास निम्मा देश किनाऱ्यावर लोटतो. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सोबत किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

मुक्काम दोनच ठेवावेत: चार रात्री बारी आणि चार रात्री लेच्चे. ही दोन्ही शहरे एकाच रेल्वेमार्गावर आहेत. बारीच्या जुन्या भागात संत निकोलसचे मोठे चर्च आहे. त्याच्या अस्थी 1087 मध्ये खलाशांनी समुद्रमार्गे इथे आणल्या. त्याच भागातल्या एका बोळात बायका दारात पाट मांडून ‘ओरेक्येत्ते’ हा कानाच्या आकाराचा पास्ता वळताना दिसतात. रवाळ पीठ आणि पाणी एवढेच साहित्य, अंडे नाही. कणकेच्या वळीचा छोटा तुकडा बोथट सुरीने पाटावर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, की इवलासा कान तयार होतो. आपल्याकडे लग्नघरी गव्हले आणि सरगुंडे करणाऱ्या आजीला हे पाहून परके वाटणार नाही. शाकाहारी मंडळींनी वालासारख्या सुक्या बाकल्याचे घोटलेले वरण आणि कडसर पालेभाजी हा पदार्थ आवर्जून मागावा. ओरेक्येत्तेवरच्या भाजीत मात्र बारीक मासळी घालण्याची पद्धत आहे, त्यामुळे आधी विचारून घ्यावे.

बारीहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास पोलिन्यानो आ मारे हे कड्यावरचे गाव लागते. दोन कड्यांच्या मधे शिरलेला तिथला छोटा किनारा वाळूचा नसून गोट्यांचा आहे, म्हणून पाण्यात चालतील अशा रबरी चपला न्याव्यात. सकाळी नऊच्या आत पोहोचले तर बसायला जागा मिळते. चुना-मातीशिवाय रचलेल्या, शंकूसारख्या दगडी छपरांच्या घरांचे आल्बेरोबेल्लो 1996 पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याला दोन तास पुरेत.

मातेराला मात्र पूर्ण दिवस द्यावा. बारीहून तिथे अरुंद रुळांची वेगळी रेल्वे जाते. रविवारचे वेळापत्रक आधी तपासावे, शक्यतो आठवड्यातला मधला दिवस निवडावा. वेरूळ पाहिलेल्या माणसाला दगड कोरून केलेल्या वास्तूंचे नवल वाटत नाही, पण मातेराच्या गुहांमध्ये माणसे गुरांसह 1950 च्या दशकापर्यंत राहत होती आणि 1952 च्या कायद्यानंतर सरकारने त्यांना तिथून हलवले, हे ऐकल्यावर पाऊल थबकते. मुख्य चौकाखाली खडकात खोदलेला सुमारे 50 लाख लिटर क्षमतेचा हौद चुकवू नये. आपल्या संभाजीनगरची नहर आणि पाणचक्की ज्यांना ठाऊक आहे, किंवा 2016 मध्ये लातूरला रेल्वेने आलेले पाणी ज्यांनी भरले आहे, ते या हौदापाशी इतरांपेक्षा जास्त वेळ रेंगाळतील.

लेच्चे हे मऊ, पिवळसर दगडात कोरलेले शहर. तिथली चर्चे संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहावीत. इथून पुढे भाड्याची मोटार सोयीची पडते, पण भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना न्यावा आणि जुन्या गावांच्या वेशीवर ‘झेड टी एल’ (बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असलेला भाग) अशी पाटी दिसल्यास गाडी बाहेरच लावावी, नाहीतर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड पुढे कधीतरी घरी येतो.

टाचेच्या दोन्ही बाजूंना समुद्र आहे, आणि त्यांतला कोणता निवडायचा हे वारा ठरवतो. उत्तरेचा वारा असेल तर पश्चिमेला गाल्लिपोलीकडे, दक्षिणेचा असेल तर पूर्वेला ओत्रांतोकडे जावे, हा तिथल्या लोकांचा साधा नियम आहे. एका बाजूला लाटा उसळत असताना दुसरीकडे पाणी परातीत ठेवल्यासारखे संथ असू शकते. छत्री आणि खाट हवी असल्यास पैसे मोजावे लागतात. फुकट किनारा हवा असल्यास ‘स्पियाज्जा लिबेरा’ अशी पाटी शोधावी.

ओत्रांतोच्या चर्चमध्ये बाराव्या शतकातली रंगीत दगडी तुकड्यांची जमीन आहे. तिच्यावरचा प्रचंड वृक्ष दोन हत्तींच्या पाठीवर उभा आहे, आणि कैलास लेण्याच्या जोत्यावरचे हत्ती पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना तिथून हलवणे अवघड जाते. चर्च दुपारी काही तास बंद असते आणि पोहण्याच्या कपड्यांत आत सोडत नाहीत. तेव्हा सकाळी आधी हत्ती पाहावेत आणि मगच पाण्यात उतरावे.