आजोबांच्या ट्रंकेतली काडतुसं

माळ्यावरच्या ट्रंकेत बारा बोअरची (छर्ऱ्याच्या बंदुकीची) जुनी काडतुसं सापडली, तर आधी हात आवरा. कागदी नळी दमट हवेने फुगलेली, पितळी बुडाला हिरवा गंज, तरी ‘आता कुठली उडतायत’ असं समजू नका. फोडणं, चुलीत टाकणं, विहिरीत सोडणं, काहीच नको. (भंगारवाल्याला तर मुळीच नको!)

बंदुकीचा परवाना आजोबांच्या नावाचा होता, तुमच्या नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे असा दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. पिशवीत घालून निघू नका. आधी ठाण्यात फोन करून कसं आणायचं ते विचारा. जुना परवाना, मृत्यूचा दाखला जवळ ठेवा. जमा केल्यावर नग मोजून लिहिलेली पोच घ्याच.