पिकअपच्या टाकीची बारीक गळती कशी शोधावी

आपल्याकडचे बहुतेक ट्रक डिझेलवर चालतात. डिझेलची वाफ फारशी होत नाही, त्यामुळे महाराष्ट्रात गाड्या बघत वाढलेल्या माणसाला टाकीतून वाफ गळण्याचा हा दोष अमेरिकेत पेट्रोलची पिकअप घेतल्यावरच पहिल्यांदा भेटतो. गाडी उत्तम चालते, मायलेजही तेच, पण चेक इंजिनचा पिवळा दिवा जात नाही. गाडीचे दोष-कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०४४२ किंवा पी०४५६ हा कोड येतो.

पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून टाकी बंद ठेवलेली असते. वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठते आणि पर्ज व्हॉल्व्ह उघडला की इंजिनात जाऊन जळते. कॅनिस्टरला बाहेरची हवा मिळते ती व्हेंट व्हॉल्व्हमधून. अनेक पिकअपमध्ये चाचणीच्या वेळी कंप्युटर व्हेंट बंद करतो, टाकीतली थोडी हवा ओढून घेतो आणि ती ओढ किती टिकते ते पाहतो. पी०४४२ म्हणजे साधारण १ मिलिमीटरच्या भोकाएवढी गळती, पी०४५६ म्हणजे त्याच्या निम्म्या रुंदीच्या भोकाएवढी. एवढ्या गळतीला पेट्रोलचा वास येईलच असं नाही.

कोड पुसण्याआधी त्याच्यासोबत साठवलेली माहिती लिहून ठेवा: टाकीत पेट्रोल किती होतं, बाहेर तापमान किती होतं. कोड पुसला की तीही जाते.

सुरुवात झाकणापासून करा. रबरी वायसरवर नख फिरवून चीर लागते का बघा, वायसर आणि टाकीच्या तोंडाची कड कोरड्या फडक्याने पुसा, मग कट् आवाज येईपर्यंत झाकण घट्ट करा. दिवा लगेच जाणार नाही. ही चाचणी गाडी काही तास थंड उभी राहिल्यावर आणि टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असतानाच होते, आणि सहसा ती लागोपाठ तीनदा पास झाल्यावर दिवा विझतो. म्हणून दोन दिवसांत धीर सोडून नवे पार्ट मागवू नका.

मग पर्ज व्हॉल्व्ह. वीज नसताना तो बंद असायला हवा. तो काढून हवा ओढायच्या हातातल्या पंपाने (व्हॅक्यूम पंप) हवा ओढून बघा. पंपावरचा काटा खाली सरकत असेल तर व्हॉल्व्ह गळतोय. पेट्रोल भरल्यावर गाडी स्टार्ट व्हायला कुरकुर करत असेल तर संशय आधी याच्यावर घ्या. व्हेंट व्हॉल्व्हचं उलटं: वीज नसताना उघडा, १२ व्होल्ट दिले की बंद. पिकअप मातीच्या रस्त्यांवर फिरत असेल तर त्याच्या तोंडाशी धूळ बसते आणि तो पुरता मिटत नाही.

मिशिगन, मिनेसोटासारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे मी आधी फिलर नेककडे जातो, म्हणजे झाकणापासून टाकीकडे उतरणाऱ्या नळीकडे. मागच्या चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर सोडवलं की आत ओला चिखल आणि मीठ साचलेलं दिसतं. ते हाताने काढा. खाली लोखंडाला फोड आलेले असतात, आणि एखाद्या फोडाखाली पत्रा कागदासारखा पातळ झालेला असतो. नेक इथे सडलेला असताना लोकांनी महागडा कॅनिस्टर बदललेला मी पाहिलाय. वाईट वाटतं.

एवढ्यावर सापडलं नाही तर धुराचं यंत्र: ते टाकी आणि नळ्यांत धूर सोडतं, आणि गळती असेल तिथून तो बाहेर येताना दिसतो. हे काम उघड्यावर करा, जवळ सिगारेट किंवा पेटता हीटर नको. दाब १ पीएसआयच्या खालीच ठेवा, आणि टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर कधीच जोडू नका: टाकी फुगते आणि पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळली की स्फोट होऊ शकतो. यंत्रात नायट्रोजन वापरता आला तर सर्वांत बरं. व्हेंट स्कॅनरने बंद करा किंवा त्याच्या नळीला बूच लावा, नाहीतर सगळा धूर तिथूनच निघून जाईल. हीच पायरी पुष्कळांकडून राहते. झाकण आधी उघडं ठेवा. तोंडातून धूर आला म्हणजे तो टाकीत पोहोचला, मग झाकण लावा. यंत्राच्या काचेतली, धूर किती वाहतोय ते दाखवणारी गोळी पूर्ण खाली बसली नाही तर गळती आहे.

आता टॉर्च तिरका धरा. बारीक गळतीचा धूर उदबत्तीच्या शेवटच्या धाग्यासारखा असतो, समोरून दिसत नाही. टाकीच्या वर, टाकीतल्या पंपाच्या रिंगपाशी आणि नळ्यांच्या जोडांवर, फोनचा कॅमेरा घालून पाच-दहा मिनिटं थांबा. काही दिसलं नाही तर गाडी गार असताना पुन्हा करा. काही चिरा थंडीतच उघडतात.

दुरुस्ती झाली की टाकी अर्धी ठेवा, गाडी रात्रभर उभी करा आणि सकाळी नेहमीसारखी चालवा. स्कॅनरवर इव्हॅप मॉनिटर (वाफेच्या गळतीची हीच चाचणी) ‘तयार’ दिसला आणि कोड परतला नाही, म्हणजे जागा बरोबर सापडली होती.