बायबलमधल्या देशांचे जुने कोरीव नकाशे कसे जमवावेत

एका रविवारी जुन्या बाजारात मी ‘सोळाव्या शतकातला’ पॅलेस्टाइनचा नकाशा साडेतीनशे रुपयांना घेतला. घासाघीस जमली म्हणून स्वतःवर खूशही झालो. घरी येऊन भिंग लावलं, तर यार्देन (जॉर्डन) नदीच्या निळ्यात जाळीसारखे ठिपके! ऑफसेटवर छापलेलं पान चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं होतं. तेव्हापासून आधी कागद पाहायचा, मग नकाशा.

त्यामुळे पहिली खरेदी दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाची. कोरीव नकाशा म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरं नि रेघा कोरायच्या, खाचांत शाई भरायची, पत्रा पुसायचा आणि ओलसर कागद त्यावर दाबून काढायचा. त्या दाबाने पत्र्याची कड कागदात उमटते. चित्राच्या चारी बाजूंनी बोट फिरवलं तर हलकी पायरी लागते. रेघेवरून नख अगदी अलगद न्यावं, शाई किंचित उठून आलेली जाणवते.

मग कागद खिडकीत उजेडासमोर धरायचा. 1800च्या आधीच्या हातकागदात साच्याच्या तारांचे ठसे दिसतात: एका दिशेला अगदी जवळजवळ बारीक रेघा, त्यांना छेदणाऱ्या साधारण इंचाइंचावर. त्या नसतील आणि विकणारा 1650 सांगत असेल, तर चहा पिऊन निघावं.

रंगातही पुरावा असतो. जुना हिरवा रंग तांब्यापासून करत. तो कागद खातो आणि मागच्या बाजूला तपकिरी उतरतो. मागे काहीच नसेल तर रंग बहुधा नंतर चढवलाय. तो दोष नव्हे, पण किंमत ‘मूळ रंग’ म्हणून देऊ नये.

आता काय शोधायचं? हे नकाशे पाहताना आपली पहिली गफलत दिशेची होते. कित्येकांत उत्तर नव्हे, पूर्व वर असते. खाली भूमध्य समुद्र, त्यात जहाजं आणि बायबलमधल्या योनाला गिळणारा मासा, वर यार्देनपलीकडचे डोंगर, मध्ये इस्राएलच्या बारा वंशांचे तुकडे. ऑर्टेलियस या नकाशाकाराचा ॲटलास ॲन्टवर्पला 1570 साली निघाला. त्याच्या अब्राहामाच्या प्रवासाच्या नकाशाभोवती 22 गोल चित्रं आहेत, नुसती ती पाहण्यात तासभर जातो. आवृत्ती ओळखायला मागचा मजकूर नि पानाचा आकडा बघतात, म्हणून मागची बाजू न दाखवणाऱ्याकडून घेऊ नये.

माझा सगळ्यात लाडका नकाशा मात्र माझ्याकडे नाही, होणारही नाही. 1695च्या ॲमस्टरडॅम हग्गादातला, म्हणजे ज्यूंच्या पेसाख सणाच्या पोथीत घातलेला हिब्रू नकाशा. खाली कोपऱ्यात गाई आणि मधाची पोळी काढलीत, म्हणजे दुधामधाचा देश. इजिप्तच्या जागी मगरीवर बसलेली बाई. पुण्यात कॅम्पातल्या लाल देवळावरून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून, जाताना तो आठवतोच.

हौशी माणसाने सुरुवात सतराव्या शतकातल्या डच बायबलांतल्या नकाशांनी करावी, नाहीतर एकोणिसाव्या शतकातल्या पोलादी पत्र्यांवरच्यांनी. पोलाद टणक, म्हणून रेघा बारीक आणि प्रतीही भरपूर निघत. त्यामुळे ते स्वस्त पडतात. पौलाचे प्रवास, कनान, यरुशलेम असा एकच धागा धरला तर संग्रहाला तोंडवळा येतो. घेण्याआधी इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा एरान लाओर संग्रह आणि डेव्हिड रम्सी संग्रह महिनाभर बघावेत, दोन्ही इंटरनेटवर, घरबसल्या आणि फुकट.

पुण्यात एखाद्या जुन्या घराच्या रद्दीत इंग्रजी बायबल सापडलं आणि मागे नकाशे असले, तर पुस्तक फाडू नका. अखंडच ठेवा. ग्रंथालयाचा खोडलेला शिक्का किंवा कापलेली कड दिसली तर हात लावू नये. 2005 साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयातून नकाशे चोरताना पकडलेला माणूस नावाजलेला नकाशाविक्रेता होता. परदेशातून मागवताना पुढची बाजू, मागची बाजू आणि उजेडासमोर धरलेला कागद, असे तीन फोटो मागा. मधल्या घडीवरची चीर चालते, चित्रात शिरलेला कात्रीचा काप चालत नाही.

घरी आणल्यावर खरा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. बाहेरच्या भिंतीवर टांगू नये, मागून ओल येते. फ्रेमवाल्याला ॲसिड-फ्री माउंट सांगा आणि तो ‘सगळे हेच वापरतात’ म्हणत चिकटपट्टी काढेल तेव्हा हात धरा. काच नकाशाला टेकता कामा नये. बाकीचे नकाशे ॲसिड-फ्री फोल्डरात आडवे ठेवा. लॅमिनेशन तर कधीच नको. गणपतीनंतर ऊन पडलं की फोल्डर सावलीत, पंख्याखाली उघडून कसर लागलीय का ते पाहावं, आणि कुठून, कधी, कितीला घेतला ते मऊ पेन्सिलीने फोल्डरावर लिहावं. नकाशावर नाही.