स्क्रीनवर भोंगा वाजला आणि ‘मायक्रोसॉफ्ट’चा नंबर आला तर

पडदाभर लाल-निळी खिडकी, कर्कश आवाज, ‘संगणक बंद करू नका, या नंबरवर फोन करा’. हा व्हायरस नाही, नुसतं वेबपान आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

एस्केप कळ दोन-तीन सेकंद दाबून ठेवा, पूर्ण पडदा सुटतो. नाही सुटला तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करा. पुन्हा उघडल्यावर ‘रिस्टोअर पेजेस’ विचारलं तर नको म्हणा. नाहीतर तेच पान परत छातीवर बसतं.

कोपऱ्यात ‘५ व्हायरस सापडले’ असं सारखं येत असेल, तर क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून अनोळखी साइटची परवानगी काढा. बहुतेकांचा ‘व्हायरस’ इथेच संपतो.

फोन केलाच असेल तर? समोरचा ठग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडायला लावून चुकांच्या लाल खुणा दाखवतो. त्या धडधाकट संगणकातही असतात. त्याच्या सांगण्यावरून एनीडेस्क (दुरून तुमचा संगणक चालवू देणारा प्रोग्रॅम) घातलं असेल तर आधी वायफाय तोडा, मग ते आणि त्याच दिवशी आलेले बाकीचे प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करा. नंतर विंडोज सिक्युरिटीच्या स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन चालवा. संगणक स्वतः रीस्टार्ट होतो, साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे त्याने घातलेल्या नकली अँटिव्हायरसला लपणं अवघड जातं.

पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. पैसे गेले असतील तर हे सगळं राहू द्या, आधी बँकेला आणि १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा.