फोटोशॉप सगळी रॅम खातंय? नवी रॅम घेण्याआधी या चुका टाळा

लग्नसराई सुरू झाली की जळगावपासून शहाद्यापर्यंतच्या स्टुडिओंमध्ये एकच तक्रार असते. अल्बमची चार-पाच पानं उघडली की फोटोशॉप अडकतं, ब्रश मागून येतो आणि शेवटी ‘स्क्रॅच डिस्क फुल’ किंवा ‘रॅम पुरेशी नाही’ असा संदेश येतो. मग आठची सोळा जीबी रॅम होते आणि पुढच्या सीझनला तीच तक्रार परत येते, कारण मेमरी नेमकी कशात अडकली आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं.

ते आधी पाहा. फोटोच्या खिडकीत खाली डावीकडे झूमच्या टक्क्यांशेजारी छोटा बाण असतो, त्यात ‘एफिशियन्सी’ निवडा. नेहमीचं काम करताना आकडा 100 राहिला तर रॅम पुरते आहे. तो सतत 90 च्या खाली जात असेल तर फोटोशॉपला रॅम कमी पडून डिस्कवर लिहावं लागतंय. त्यासाठी वापरली जाणारी डिस्क म्हणजेच स्क्रॅच डिस्क. टास्क मॅनेजरवरून मात्र निष्कर्ष काढू नका. फाइल बंद केल्यावरही फोटोशॉप घेतलेली मेमरी लगेच परत करत नाही, पुढच्या फाइलसाठी धरून ठेवतं. हा बिघाड नाही, त्याची रचनाच तशी आहे.

जेपीजीच्या आकारावरून अंदाज बांधणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डिस्कवर आठ-दहा एमबीची दिसणारी 24 मेगापिक्सेलची जेपीजी उघडली की 6000 गुणिले 4000 पिक्सेल, प्रत्येकी 3 बाइट, म्हणजे जवळपास 69 एमबी होते. जेपीजीतली दाबून ठेवलेली माहिती मेमरीत पूर्ण उलगडते. 12 बाय 36 इंचाचं अल्बमचं पान 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 पिक्सेल) 3600 गुणिले 10800 पिक्सेल, म्हणजे एकही फोटो न ठेवता 111 एमबी. त्यावर पानभर पसरलेला प्रत्येक लेयर आणखी शंभर-दीडशे एमबी घेतो. बॅकग्राउंड, त्यावर टेक्स्चर, त्यावर फुलांची फ्रेम असं रचत गेलं की एका पानाचा हिशोब सहज जीबीच्या पुढे जातो. अशी सहा पानं एकदम उघडी ठेवायची गरज नसते. एक पान संपवा, सेव्ह करा, बंद करा, मग पुढचं घ्या.

कॅमेरा रॉमधून फोटो 16 बिटमध्ये, म्हणजे प्रत्येक रंगाला एकाऐवजी दोन बाइट घेऊन, आला असेल तर हे सगळे आकडे दुप्पट होतात. हळदीच्या फोटोतला पिवळा किंवा शालूचा लाल रंग सावरेपर्यंत 16 बिट ठीक आहे. रंग बसला की ‘इमेज’, ‘मोड’मध्ये जाऊन 8 बिट करा आणि मगच फोटो पानात घ्या.

फ्लेक्सलाही 300 डीपीआय

कानबाई देवीच्या मिरवणुकीचा 10 बाय 8 फुटांचा फ्लेक्स 300 डीपीआयला उघडला तर 36000 गुणिले 28800 पिक्सेल होतात. नुसता रिकामा कॅनव्हासच तीन जीबीच्या आसपास जातो. पीएसडीची, म्हणजे फोटोशॉपच्या नेहमीच्या फाइलची, मर्यादा एका बाजूला 30000 पिक्सेल असल्यामुळे ही फाइल साध्या पीएसडीत सेव्हही होत नाही. तोच फ्लेक्स 72 डीपीआयला 171 एमबीत मावतो आणि चौकात दहा-पंधरा फुटांवरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. प्रिंटरवाल्याला कोणता डीपीआय हवा ते आधी विचारून घ्या.

पानाबाहेर लपलेले पिक्सेल

मोठा फोटो पानात ओढला आणि कडा बाहेर गेल्या तरी त्या कापल्या जात नाहीत, लेयरमध्ये तशाच राहतात. क्रॉप टूलवर ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’ची खूण नसेल तर क्रॉप केलेला भागही जिवंत असतो. मांडणी पक्की झाली की कंट्रोल ए दाबा आणि ‘इमेज’, ‘क्रॉप’ करा. स्मार्ट ऑब्जेक्टवर याचा परिणाम होत नाही, कारण त्याच्या आत मूळ फोटो अख्खा बसलेला असतो. दहा फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट असतील तर दहा मूळ फोटो त्या पीएसडीच्या पोटात आहेत असं समजा. ग्राहकाने पान मंजूर केलं की हे स्मार्ट ऑब्जेक्ट रास्टराइज करा, म्हणजे त्यांचे साधे पिक्सेलचे लेयर करा. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपलेले असावेत, हे सांगायला नको.

सेटिंग्जमधली ओढाताण

कंट्रोल के दाबून ‘परफॉर्मन्स’ उघडा. मेमरीची पट्टी 95-100 टक्क्यांवर ओढून ठेवलेली आढळते आणि त्यानेच मशीन अधिक अडकतं. विंडोजला जागा उरत नाही, मग विंडोज फोटोशॉपचीच मेमरी डिस्कवर ढकलू लागतं. 70 ते 80 टक्के पुरे, 85 च्या वर कधीच नको. ‘हिस्ट्री स्टेट्स’, म्हणजे मागे जाण्यासाठी साठवलेल्या पायऱ्या, अलीकडच्या आवृत्त्यांत 50 असतात. ब्रशचा एखादा फटका फार जागा घेत नाही, पण पूर्ण फोटोवर ब्लर किंवा लिक्विफाय चालवलं की त्या फोटोची जवळपास नवी प्रत हिस्ट्रीत साठते. अल्बमच्या कामाला 20 भरपूर झाले. काम चालू असताना मेमरी मोकळी करायची तर ‘एडिट’, ‘पर्ज’, ‘ऑल’ आहे, पण त्यानंतर मागे जाता येत नाही आणि सगळ्या उघड्या फाइल्सची हिस्ट्री जाते. म्हणून आधी सेव्ह करा.

भरलेली सी ड्राइव्ह

कॅमेऱ्याची कार्डं डेस्कटॉपवर रिकामी करायची सवय इथे नडते. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह, आणि स्क्रॅच डिस्कही बहुधा तीच. चार लग्नांचे रॉ फोटो पडले की स्क्रॅचला जागाच राहत नाही. दुसरी अंतर्गत एसएसडी असेल तर प्रेफरन्सेसमध्ये ती पहिली स्क्रॅच डिस्क करा आणि निदान 50 ते 100 जीबी मोकळी ठेवा. पेनड्राइव्ह स्क्रॅचला देऊ नका. फोटोशॉप सुरूच होत नसेल तर उघडताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा, स्क्रॅच बदलायची खिडकी येते. वीज गेल्याने मशीन अचानक बंद पडलं असेल तर टेम्प फोल्डरमध्ये ‘फोटोशॉप टेम्प’ नावाने सुरू होणाऱ्या मोठमोठ्या फाइल्स मागे राहतात. फोटोशॉप बंद करून त्या काढून टाका.

जुन्या टेम्प्लेट्सकडेही लक्ष द्या. वर्षानुवर्षं एका पीएसडीतून दुसरीत लेयर ओढत गेलं की प्रत्येक जुन्या फाइलची नोंद मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबत साठणाऱ्या माहितीत, चिकटत जाते. फ्लॅटन केलेलं, म्हणजे सगळे लेयर एकत्र केलेलं, साधं पानही शेकडो एमबीचं भरलं तर संशय इथेच घ्या. ‘फाइल इन्फो’तल्या ‘रॉ डेटा’त ‘डॉक्युमेंट अ‍ॅन्सेस्टर्स’खाली लांबच लांब यादी दिसेल. ती काढणारी छोटी स्क्रिप्ट चालवा, किंवा निव्वळ फ्लॅट पान हवं असेल तर ‘सेव्ह फॉर वेब’मध्ये मेटाडेटा ‘नन’ ठेवा. मराठी पत्रिकांसाठी भरलेले शेकडो फॉन्टही सुरुवात जड करतात, रोज लागणारे तेवढेच ठेवा.

एफिशियन्सी 100 आहे आणि तरीही मे महिन्याच्या दुपारी मशीन रेंगाळतं, तर दोष मेमरीचा नाही. आपल्याकडच्या उन्हात धूळ बसलेला पंखा प्रोसेसरला थंड ठेवू शकत नाही, मग प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. आधी कॅबिनेट उघडून साफ करा.

इतकं करूनही आकडा 90 च्या खालीच राहिला तर रॅम घ्या. त्याआधी मदरबोर्ड किती जीबीपर्यंत आणि कोणत्या प्रकारची रॅम घेतो ते पाहा. 16 जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा 8-8 च्या एकसारख्या दोन घेतलेल्या बऱ्या, त्याने मदरबोर्डवरचे रॅमचे दोन्ही चॅनेल वापरले जातात. विंडोज 64 बिट आहे का तेही तपासा. 32 बिट फोटोशॉपला चार जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही.