कांट वाचायला घेताय? मग खोट्या वचनापासून सुरुवात करा

एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेले असोत की स्पर्धा परीक्षेसाठी नीतिशास्त्राचा पेपर करणारे, कर्तव्यवाद (कृती योग्य की अयोग्य हे परिणामांवरून नव्हे, तर कर्तव्यावरून ठरवणारा विचार) आला की बहुतेक जण ‘निरपेक्ष आदेश’ची, म्हणजे कुठल्याही अटीविना सगळ्यांना लागू होणाऱ्या नैतिक नियमाची, व्याख्या घोकायला लागतात. माझं म्हणणं, व्याख्या राहू द्या. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ साली दिलेलं खोट्या वचनाचं उदाहरण आधी कागदावर सोडवा.

एकाला पैशांची नड आहे. परत करता येणार नाहीत हे ठाऊक असूनही तो ‘फेडतो’ असं वचन देऊन उसने मागतो. आता त्याचा नियम सगळ्यांचा करून बघा. नडलेला प्रत्येक जण असंच करू लागला, तर काय होईल? इथे दहातले आठ विद्यार्थी लिहितात, ‘समाजाचं नुकसान होईल.’ झालं, गाडी तत्त्वज्ञ मिलच्या उपयुक्ततावादात, म्हणजे परिणामांवरून योग्य-अयोग्य ठरवण्यात, शिरली! कांट नुकसान मोजतच नाही. तो विसंगती दाखवतो: वचनावर कुणाचा विश्वासच उरला नाही, तर वचन देऊन फसवणंही शक्य राहत नाही. नियम स्वतःलाच अशक्य करतो. एवढा फरक पक्का झाला की निम्मा कांट कळला असं समजा.

मग त्याच उदाहरणाकडे पैसे देणाऱ्याच्या बाजूने पाहा. खरं कळलं असतं तर तो कबूल झाला नसता, म्हणजे त्याला केवळ साधन म्हणून वापरलं. ‘केवळ’ हा शब्द गाळू नका. रिक्षावालाही आपल्यासाठी साधनच असतो, पण तो भाडं ठरवून राजीखुशीने येतो.

कांटचंच दुकानदाराचं उदाहरण सोपं आहे: गिऱ्हाईक तुटू नये म्हणून जो लहान मुलालाही रास्त भावाने माल देतो, त्याचं वागणं कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यापोटी नाही.

अडतं ते १७९७च्या लेखापाशी. खुनी दाराशी येऊन तुमच्या मित्राचा ठावठिकाणा विचारतोय, तरी खोटं बोलू नये, असं कांट म्हणतो. मला हे आजही पटत नाही. म्हणून त्याला जोडूनच ब्रिटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस वाचा. १९३०मध्ये त्याने मांडलं की कर्तव्यं अनेक असतात, ती एकमेकांशी भिडतात, आणि त्या प्रसंगी कुठलं जड हे विवेकानेच ठरवावं लागतं.

आणि कांट म्हणजे गीतेचा निष्काम कर्मयोग, असं सरसकट लिहू नका. टिळकांनी गीतारहस्यात कांटची दखल घेतली आहे, तुलना जरूर करा. पण कांटचा नैतिक नियम माणसाची बुद्धी स्वतःच स्वतःला घालून देते, तिथे ईश्वरार्पण नाही.