या चुका टाळा: मॉडेल रेल्वेत ट्रेन डिटेक्शन आणि सिग्नलचं वायरिंग

मॉडेल रेल्वेवर सिग्नल बसवताना होणारी सगळ्यात घातक चूक म्हणजे खऱ्या रेल्वेचे दिवे उचलायचे आणि तिची सुरक्षेची रीत मात्र सोडून द्यायची. विल्यम रॉबिन्सनने १८७२ साली अमेरिकेत जे ट्रॅक सर्किट आणलं, त्यात रूळ रिकामा असतानाच करंट रिलेपर्यंत (विजेवर चालणाऱ्या स्विचपर्यंत) पोचतो. गाडीची चाकं आली की तो वाटेतच शॉर्ट होतो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. वायर निघाली, बॅटरी उतरली, तरीही लालच. आपल्या डीसीसी (रुळांतूनच वीज आणि डिजिटल आज्ञा देणाऱ्या) लेआउटवरचा करंट डिटेक्टर नेमका उलटा चालतो. इंजिन करंट ओढतं म्हणून ब्लॉक (रुळाचा विजेने वेगळा केलेला तुकडा) ‘भरलेला’ दिसतो, आणि वायर तुटली की तोच ब्लॉक ‘रिकामा’ दिसून मागच्या गाडीला हिरवा मिळतो. म्हणून खोट्या हिरव्याचा बंदोबस्त आधी करा. खोटा लाल त्रास देतो, पण गाड्या एकमेकींवर आदळवत नाही.

गाडी उभी आहे, पॅनलवर ब्लॉक रिकामा

याचं नेहमीचं कारण म्हणजे चोरवाट. एका ब्लॉकला तीन-चार फीडर (रुळाला वीज देणाऱ्या वायरी) असतात आणि त्यांतला एखादा घाईत डिटेक्टरच्या पुढे न जोडता थेट बसला (लेआउटखालच्या मुख्य वीजवाहिनीला) जोडला जातो. करंट सोपी वाट धरतो आणि डिटेक्टरला काहीच कळत नाही. गाडी मस्त चालत असते, त्यामुळे संशयही येत नाही. तपासणी सोपी आहे: डिटेक्टरमधून ब्लॉकला जाणारी वायर सोडवा आणि इंजिन त्या ब्लॉकमध्ये न्या. ते तरीही चाललं, तर कुठूनतरी परस्पर वीज येते आहे. एकेक फीडर काढत गेलात की सापडेल. पॉइंटच्या फ्रॉगची (रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याची) वायरही याच चाचणीत पकडली जाते. फ्रॉगला वीज देणारा स्विच बसवरून घेतला असेल, तर फ्रॉगवर उभं असलेलं छोटं इंजिन पॅनलवरून गायब होतं. फ्रॉगची वीज त्याच ब्लॉकच्या डिटेक्टरमधून घ्यायची.

दुसरं कारण डब्यांचं. इंजिन करंट ओढतं, साधे डबे ओढत नाहीत. इंजिन पुढच्या ब्लॉकमध्ये गेलं की मागे राहिलेले बारा डबे डिटेक्टरच्या लेखी नसतातच. खऱ्या रेल्वेत स्टेशनवरचा कर्मचारी शेवटच्या डब्यावरची ‘एल.व्ही.’ (लास्ट व्हेइकल) पाटी पाहतो, कारण ती दिसल्याशिवाय गाडी अख्खी गेली असं म्हणता येत नाही. आपल्याकडे हे काम रेझिस्टर करतो. इन्सुलेटेड अ‍ॅक्सलवर १० किलोओमचा चिमुकला एसएमडी रेझिस्टर चिकटवा आणि त्याची दोन्ही टोकं वीजवाहक रंगाने चाकांना जोडा. रुळांवर १५ व्होल्ट असतील तर एक अ‍ॅक्सल दीड मिलिअ‍ॅम्प ओढतो आणि जेमतेम साडेबावीस मिलिवॉट उष्णता होते, त्यामुळे प्लॅस्टिकला धोका नाही. डिटेक्टरची संवेदनशीलता दीड मिलिअ‍ॅम्पच्या आसपास असेल, तर डब्याचे दोन अ‍ॅक्सल असे करा. काटकसर करायचीच असेल तर निदान ब्रेकव्हॅन (शेवटचा, गार्डचा डबा) सोडू नका. रंग वाळल्यावर मल्टिमीटर दोन चाकांना लावा. १० किलोओमच्या जवळपास आकडा आला नाही, तर रंगात चीर आहे.

गाडी नाही, तरी लाल

इथे आधी डिटेक्टरपासून रुळाकडे जाणारी वायर काढा. लाल तसाच राहिला तर दोष डिटेक्टरमध्ये किंवा त्याच्यापासून सिग्नलकडे जाणाऱ्या वायरिंगमध्ये आहे. लाल गेला, तर रुळाकडून गळती आहे.

गळतीत पहिला आरोपी नुकतंच चिकटवलेलं बॅलास्ट (रुळांखालची खडी). फेव्हिकॉल-पाण्याचं मिश्रण ओलं असेपर्यंत वीज वाहून नेतं. एक मिलिअ‍ॅम्पवर पेटणाऱ्या डिटेक्टरला १५ व्होल्टवर फक्त १५ किलोओमची गळती पुरते. पावसाळ्यात दोन-तीन दिवस वाट पाहा, मगच संवेदनशीलतेच्या स्क्रूला हात लावा.

दुसरा आरोपी ब्लॉकच्या सीमेवरची फट. तीन मीटर रूळ २० अंशांच्या फरकाने साधारण एक मिलिमीटर वाढतो, आणि उन्हाळ्यात सुकलेलं प्लायवूड आकसतं. करवतीने पाडलेली फट एप्रिल-मेमध्ये अलगद मिटते. लक्षण असं: दोन शेजारी ब्लॉक एकाच वेळी लाल होतात. फटीत प्लॅस्टिकचा तुकडा घालून अ‍ॅराल्डाइटने भरा आणि रुळाच्या आकाराला घासून घ्या.

तिसरा लवकर ध्यानात येत नाही. डीसीसी बसच्या टोकाला लावलेला रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर (विजेचे झटके शोषणारी जोडणी) चुकून डिटेक्टरच्या पुढे, म्हणजे ब्लॉकच्या बाजूला गेला, तर तो स्वतःच गाडीसारखा करंट ओढतो. त्याची जागा डिटेक्टरच्या अलीकडे, बसवर.

डायोड जळणं

डायोडवाल्या (रुळांचा करंट डायोडमधून नेणाऱ्या) डिटेक्टरमध्ये ५ अ‍ॅम्पच्या बूस्टरसाठी (रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्रासाठी) १ अ‍ॅम्पचे डायोड वापरू नका. शॉर्ट झाला की बूस्टर ट्रिप होण्याआधी डायोड जाऊ शकतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत १० अ‍ॅम्पचा ब्रिज रेक्टिफायर मागा. मग प्रत्येक ब्लॉकमध्ये रुळांवर आडवं नाणं टाकून बूस्टर ट्रिप होतो का ते बघा. कुठे ट्रिप झाला नाही, तर तिथली वायर बारीक आहे किंवा सोल्डर कच्चा आहे.

सिग्नलचे दिवे

दिव्यांना वेगळा १२ व्होल्ट डीसी सप्लाय द्या, रुळांवरची वीज नको. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर हवा. एकच सामाईक ठेवलात, तर डबल पिवळा लागताना दोन्ही दिवे मंद होतात आणि चालकाला ‘सिंगल की डबल’ हाच प्रश्न पडतो. १ किलोओमने लाल दिवा डोळ्यांत घुसतो. ४.७ किलोओमने करंट दोन मिलिअ‍ॅम्पच्या आसपास येतो, आणि एचओ (१:८७) मापाच्या सिग्नलला तेवढा पुष्कळ.

आर्डुइनोपाशी

चाकं मळलेली असली की डिटेक्टर लुकलुकतो आणि सिग्नल नाचतो. चाकं पुसायचीच, पण आर्डुइनोच्या (सिग्नल चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या) प्रोग्राममध्ये ‘भरलेला’ ताबडतोब मान्य करा आणि ‘रिकामा’ मात्र दोन सेकंद सलग टिकल्यावरच. सुरू होताना सगळे ब्लॉक भरलेले धरा.

रुळांची बाजू आणि आर्डुइनोची ग्राउंड ऑप्टोकपलरशिवाय (प्रकाशातून संदेश देऊन दोन सर्किटं वेगळी ठेवणाऱ्या भागाशिवाय) जोडू नका. बहुतेक डिटेक्टर गाडी आल्यावर पिन खाली ओढतात, त्यामुळे वायर तुटली की पिन वर जाते आणि ब्लॉक रिकामा ठरतो. वायरच्या डिटेक्टरकडच्या टोकाला एक ट्रान्झिस्टर घालून हे उलटवा, म्हणजे तुटलेली वायर लाल दाखवेल. प्लॅटफॉर्मच्या टोकाला आरपार इन्फ्रारेड किरण लावला तर ही सोय आपोआप मिळते: किरण पोचला तरच रिकामं, एमिटर बंद पडला तरी लाल. फक्त खिडकीचं ऊन रिसीव्हरवर पडू देऊ नका, आणि दोन डब्यांमधल्या फटीतून किरण निसटू नये म्हणून तो रुळांना तिरपा लावा.

सगळं जोडून झाल्यावर इंजिन काढून घ्या. एकटा शेवटचा डबा प्रत्येक ब्लॉकमध्ये, प्रत्येक पॉइंटवर ढकलत न्या आणि मागचा सिग्नल लाल राहतो का ते बघा. मग डिटेक्टरकडून आर्डुइनोकडे जाणारी एकेक वायर मुद्दाम उपटून हेच पुन्हा करा.